विषयांतर

एका पानाला चाळीस पैसे.
कोऱ्या पानालाही तेवढेच,
पण कोरी पानं साहेब मोजत नाहीत.
पिंपळखुट्याच्या कॉलेजात, जुन्या भूगोलाच्या खोलीत
उन्हाळाभर स्कॅनर मांडून बसलेय.
कूलरमध्ये पाणी मीच भरते.
लाइन गेली की बस्ते सोडून ठेवते,
आली की पानं चढवते.

उच्च शिक्षण आयोग, विभागीय बैठका, भाग सहावा.
लाल कापडाची गाठ सुटते तेव्हा
आधी डांबरगोळीचा वास,
मग एखाद्या झुरळाची वाळून चपटी झालेली पाठ,
मग शासन.

आयोग इथं दीड दिवस होता.
संस्थेचे अध्यक्ष बोलले, एकतीस पानं.
प्राचार्य अनुदानावर बोलले, बावीस.
जेवणाचं बिलसुद्धा जोडलंय:
पाटवडी, श्रीखंड, विडे बारा, बर्फ दोन लाद्या.
त्यावर सही, शिक्का, पुन्हा सही.

आणि पान दोनशे चौदा.
साक्षीदार क्रमांक एकोणचाळीस,
महादेव अंबादास डाखोरे, वय अदमासे पंचावन्न, धंदा सुतारकी.
"महाविद्यालयाची बाके साक्षीदाराने बनविली आहेत.
दरवर्षी उन्हाळ्यात दुरुस्तीस येतो.
बाके पाहून काय समजते, हे तो सांगू लागला.
सदर बाब विषयांतर असल्याने मा. अध्यक्षांनी
मूळ प्रश्नाकडे लक्ष वेधले.
साक्षीदार म्हणाला, मग काही नाही.
साक्ष संपली."

अर्धं पान. चाळीस पैसे.

"मग काही नाही" असं तो म्हणालाच नसणार.
आमच्याकडे कोण बोलतं तसं?
"मंग काई नाई, सायेब," म्हणाला असेल
अन् कानावरची पेन्सिल चाचपली असेल.
लघुलेखकानं त्याला एका ओळीत
शाळेत घातलं, पास केलं, घरी पाठवलं.

लाइन गेली. मी उठले.
खोलीत अकरा बाकं आहेत, सागाची,
ज्या रांगेत होती त्याच रांगेत.
मीही इथलीच बी.ए., तिसऱ्या बाकावरची,
पण असं कधी पाहिलं नव्हतं.
पुढच्या बाकांवर नावांना जागा नाही:
गजू, एस. के., बाण घुसलेला बदाम,
पास पास पास,
फळीच्या कडा मनगटांनी गोल झालेल्या.
मागं जावं तशा कडा बोटाला लागत जातात.
नवव्यावर नुसता "शा" कोरलाय.
शांता, शालिक, शामराव, कोण जाणे.
पुढचं अक्षर राहिलं.
दिवाळीपर्यंत आला असेल, किंवा आली असेल.
मग कापसाचा वेचा सुरू होतो.
अकराव्यावर रंध्याची लाट अजून तशीच,
हात फिरवला की कळते.

ते शेवटचं बाक मी आडवं पाडलं.
फळीच्या पोटाला सुताराची पेन्सिल,
मोठी, वाकडी, ओळीनं:
७१ पाय हालला
७२ खिळा
७३ काई नाई
७४ काई नाई
७५ काई नाई
७६ काई नाई

मी तिथंच फरशीवर बसून राहिले.
बाहेर कोणीतरी तुराट्यांची गाडी हाकत गेलं,
एक बैल सारखा खोकत होता.

लाइन आली, कूलर ओला घरघरला.
संगणकात प्रत्येक पानाला विषय द्यावा लागतो,
यादीतलाच:
अनुदान, संलग्नता, अभ्यासक्रम, वसतिगृह, इतर.
कालपर्यंत अडलं की "इतर" दाबत आले.

बाक स्कॅनरच्या काचेवर मावत नाही.
दारापर्यंत ओढलं, उजेडात,
मोबाइलनं फोटो काढला,
फाईलला नाव दिलं: २१४ अ.
विषयाचा रकाना रिकामाच ठेवला.
मशीन दोनदा कुरकुरली, मग घेतलं तिनं.

महिन्याच्या हिशेबात
ह्याचेही चाळीस पैसे लावलेत.
साहेबानं विचारलं तर सांगीन.